चौथ्या दिवसाची नोंद

१० ऑगस्ट २०२५, रविवार. दौंड

सकाळपासून स्वतःच्या शोधनिबंधांची यादी करत बसलो आहे. प्रोफेसरपदाची मुलाखत अठरा सप्टेंबरला आहे. त्याआधी समितीला सगळं प्रकाशित काम क्रमांक लावून, कालानुक्रमे हवं आहे. एकेचाळीस भरले. त्वचारोग आणि ॲलर्जी, पंचवीस वर्षं. केंदूरच्या माळावर मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातला मी, हे बरं आहे म्हणायला हरकत नाही. आनंदाने सारिकाला वाचून दाखवायला गेलो, तर ती शाळेच्या चाचणीचे पेपर तपासत होती. म्हणाली, "माझेही चौऱ्याऐंशी आहेत. तेही कोणी वाचत नाही."

बायको शिक्षिका असली की कौतुकातही मार्क कापले जातात.

यादीतला सतरावा माझा सगळ्यांत चाललेला पेपर आहे. शिरूर तालुक्यातल्या शेवंती तोडणाऱ्या शेहेचाळीस बायकांचा अभ्यास. त्यांच्या हातांना, चेहऱ्याला, पापण्यांना जी खाज आणि पुरळ येते ती शेवंतीने नव्हे, बांधावरच्या गाजरगवताने येते, असा निष्कर्ष. दोन हजार अठरामध्ये आला. एकशे तीसपेक्षा जास्त लोकांनी आपल्या लेखनात त्याचा दाखला दिला आहे. त्यातलं दुसरं छायाचित्र कवठे येमाईच्या सगुणाबाईंच्या हातांचं. फार स्पष्ट आलं होतं.

समितीला निवडक पाच पेपरांची मूळ रजिस्टरंही पाहायची आहेत. सतराव्याचं माझ्या शिरूरच्या जुन्या दवाखान्यात माळ्यावर असेल.

१७ ऑगस्ट, रविवार. शिरूर

रजिस्टर सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

आधी चाचणी कशी असते ते लिहितो, म्हणजे माझंच डोकं ताळ्यावर येईल. ज्याची शंका आहे त्या वस्तूचा अर्क छोट्या पट्टीत भरून पाठीवर चिकटवायचा. अठ्ठेचाळीस तास पाठ भिजवायची नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून पाहायचं. पण खरी गोष्ट चौथ्या दिवशी कळते. कित्येकांची कातडी दुसऱ्या दिवशी गप्प असते आणि चौथ्या दिवशी लालबुंद होऊन उठते. म्हणून चौथ्या दिवसाची नोंद नसेल तर चाचणी अर्धीच.

शेहेचाळीसपैकी चौदा बायकांच्या चौथ्या दिवसाच्या रकान्यात शून्य आहे आणि शेजारी बारीक अक्षरात "फोन". म्हणजे त्या आल्याच नाहीत. कोणी त्यांच्या पाठी पाहिल्याच नाहीत. फोन करून विचारलं आणि शून्य लिहिलं. पेपरात मात्र मी छापलं आहे की सर्वांची दोन्ही वेळा प्रत्यक्ष तपासणी झाली.

गोकुळने उद्योग करून ठेवला. गोकुळ तेव्हा माझा तंत्रज्ञ होता, आता शिरूरमध्येच त्याची स्वतःची लॅब आहे. माणूस कामाचा, पण घाईचा. मी विश्वास ठेवला ही माझी चूक.

सगुणाबाई चौदांतल्याच.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दिवसभर हिशेब केला. चौदांपैकी सगळ्यांना शेवंतीची ॲलर्जी निघाली तरी निम्म्याहून अधिक बायकांना ती नव्हतीच. गाजरगवत दोषी आहेच, तो भाग खोटा नाही. शेवंती आणि गाजरगवत एकाच कुळातली, तेव्हा थोडं इकडचं तिकडे होणारच. सात वर्षांत कोणी प्रश्न विचारला नाही. जगभरच्या रजिस्टरांत डोकावलं तर काय काय निघेल.

हे सगळं लिहून झाल्यावर वाचलं. चोराच्या मनात चांदणं.

२४ ऑगस्ट, रविवार. शिरूर

गोकुळकडे गेलो. त्याने चहा मागवला, रजिस्टर चष्मा वर करून पाहिलं आणि हसला.

"सर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला हुता चौथा दिवस. दहा ऑक्टोबर, दोन हजार सोळा. शेवंतीवाल्या बायका त्या दिवशी वावर सोडून पाठ दाखवायला येत्यात व्हय?"

मी म्हणालो, मग तू मला सांगायला हवं होतंस.

"सांगितलं की. मी म्हणलं आठ दिवस पुढं ढकलू. तुम्ही म्हणला, परिषदेला गोषवारा पंधरा तारखेला पाठवायचा हाय, फोन करून इचार."

मी असं म्हणणं शक्य नाही, असं मी म्हणालो. आवाज जरा चढला असावा, कारण काउंटरवरचे दोघे वळून पाहू लागले.

गोकुळ शांतच होता. "ऱ्हाऊ द्या. पण फोनवर काय कळणार सर? चौदांतले दहा फोन त्यांच्या नवऱ्यांनी उचलले. कसं हाय म्हणलं की, बरं हाय. आपल्याकडं डॉक्टरचा फोन आला तर कोण म्हणतंय खाज सुटलीय म्हणून? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बरं हाय म्हणत्यात. तुम्ही तर आमच्यातलेच, तुम्हाला ठावं हाय."

ठाऊक आहे. माझी आई ताप अंगात असताना पाहुण्यांना बरं हाय म्हणायची. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलांच्या वावरातून माणूस हलत नाही हे केंदूरच्या पोराला कोणी शिकवायला नको. पण फोन करायला मी सांगितलं नव्हतं. मला तसं आठवत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार. दौंड

गणपती, गौरी यांत आठवडा गेला. आज समितीसाठी रजिस्टरची झेरॉक्स काढताना नीट पाहिलं. पानापानावर गोकुळचं तिरकं अक्षर आहे. चौदा शून्यं आणि "फोन" हा शब्द मात्र त्याचा नाही. माझा आहे. माझा फ लांबूनही ओळखू येतो.

गोकुळने फोन केले, नोंद मी केली. मी विसरलो होतो असं म्हणायचं तर म्हणता येईल. सारिकाला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या चौदा जणींचं पुढे काय झालं?"

मी म्हणालो, प्रश्न पेपरच्या विश्वासार्हतेचा आहे.

"तो तुमचा प्रश्न झाला," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

७ सप्टेंबर, रविवार

आज कवठे येमाईला गेलो. चौदांपैकी सगुणाबाईंनाच का, तर त्यांचं घर मला माहीत होतं. पेपर छापून आला तेव्हा गावात मोठी सभा झाली होती. मंदिरापुढे माईकवरून मी सांगितलं होतं, फुलांचा काही दोष नाही, गवत उपटा आणि बिनघोर शेवंती तोडा. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सगुणाबाईंच्या यजमानांनी, पोपटरावांनी, ते माझ्याकडून लेटरहेडवर लिहूनही घेतलं होतं.

पोपटराव घरी नव्हते. त्यांच्या आई रंगुबाई ओट्यावर होत्या. ओळख दिल्यावर खूश झाल्या. नातसून प्रगतीने चहा आणला. उकाड्यातही तिने ब्लाउजवर लांब बाह्यांचा शर्ट घातला होता, बोटांपर्यंत बाह्या ओढलेल्या. अलीकडे ऊन लागू नये म्हणून पोरी असं घालतात.

सगुणाबाई कुठे आहेत, विचारलं.

"माहेरी हाय, इनामगावला. सहा वर्सं झाली," रंगुबाई म्हणाल्या. "काम नगं हुतं तिला. फुलात गेली की डोळं सुजलं, हात सुजलं, हेच गाणं. तुम्ही लिहून दिलं की फुलाचं काय न्हाई, तरी तेच. मग म्हणलं, ढोंग करायचं आसंल तर भावाकडं कर."

आणि उठून त्यांनी आतून माझा कागद आणून दाखवला. लॅमिनेशन केलेला. खाली माझी सही.

मी म्हणालो, गवताचा त्रास असेल. रंगुबाई म्हणाल्या, "गवात तर समदं उपटलं, डॉक्टर. तुमच्या शब्दाखातर."

तिथून सरळ इनामगावला. भावाचं घर घोड नदीच्या बाजूला, पुरातत्त्ववाल्यांनी खणलेल्या जुन्या पांढरीच्या टेकाडापलीकडे. सगुणाबाई शेरडांना पाला टाकत होत्या. मी ओळखलं नाही. कपाळ आणि पापण्या जाड, काळपट पडल्या आहेत, हात सालीसारखे झाले आहेत. पन्नाशीच्या बाईला साठीची समजलो.

त्यांनी मला ओळखलं. बसायला घोंगडी टाकली. भाऊ गेणबा वावरात होता.

"इथं आल्यापासनं निम्मं उतरलंय," त्या म्हणाल्या. "इथंबी गवात हाय की नदीला. पर शेवंती न्हाई. दसऱ्याला दारात तोरण बांधलं तेवढंच दोन दिवस डोळं उघडत न्हाईत."

मी विचारलं, त्या वेळी पाठीला काही उठलं होतं का.

"उठलं हुतं की. शेवंतीची पट्टी हुती तिथंच, चौथ्या दिवशी. भाकरीएवढं लाल. यांना फोन आला तवा मी वावरात हुते. यांनी बरं हाय म्हणून सांगितलं."

मग मला का सांगितलं नाहीत नंतर, असं मी विचारलं. विचारलं कसं, तेच कळत नाही.

"तुम्ही माईकवर सांगितलं, कागदावर लिवलं. एवढं शिकल्यालं मानूस. मला वाटलं, आपल्याच मनाचं आसंल."

११ सप्टेंबर, गुरुवार

परवानगी विचारून सगुणाबाईंच्या पाठीवर नव्याने पट्ट्या लावल्या. शेवंतीचं पान, शेवंतीची पाकळी, गाजरगवत, आणि एक नुसतीच. त्या म्हणाल्या, "आता काय उपेग हाय?" पण पाठ केली.

१३ सप्टेंबर, शनिवार

पट्ट्या काढल्या. गाजरगवत किंचित लाल. शेवंती काही नाही. खरं लिहायचं तर परतीच्या रस्त्याला मी गाडीत गाणं गुणगुणत होतो.

१५ सप्टेंबर, सोमवार

चौथा दिवस. रजा टाकून गेलो. शेवंतीच्या दोन्ही जागा फुगून, फोड येऊन, लाल. गाजरगवत तेवढंच, किंचित. पंचवीस वर्षांत इतकी स्पष्ट खूण थोड्याच वेळा पाहिली.

त्यांना दिसत नाही म्हणून भाचीने मोबाईलवर फोटो काढून दाखवला. सगुणाबाई तो बराच वेळ पाहत राहिल्या. "म्हंजी हाय," त्या म्हणाल्या. मी मलम दिलं, ते कसं लावायचं ते तीनदा सांगितलं, आणि निघालो.

नियतकालिकाला पत्र लिहायचं, हे ठरलं आहे. फक्त मुलाखत तीन दिवसांवर आहे. तीन दिवसांनी काही बिघडत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मुलाखत झाली. समितीचे अध्यक्ष मोठे गृहस्थ. यादी चाळत म्हणाले, "नंबर सतरा. हा आम्ही विद्यार्थ्यांना वाचायला देतो. खेड्यातल्या बायकांकडून दोन-दोन वेळा तपासणी करून घेणं सोपं नाही. कसं जमवलंत?"

माझ्यासमोर झेरॉक्सचा गठ्ठा होता. त्यांच्यासमोरही होता. कोणी उघडला नव्हता. तोंड उघडून दोन वाक्यं बोलायची होती, ती मी गाडीत पाठही केली होती.

मी म्हणालो, "मी तिकडचाच आहे सर. लोक आपलं मानतात."

सगळे हसले. मीही हसलो. मला स्वतःची लाज वाटली आणि तरी हसलो, हे लिहून ठेवतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

निवड झाली. कॉलेजात हार झाले. दौंडला उतरल्यावर पेढे घेऊन घरी आलो. सारिकाने अभिनंदन केलं. पेढा पुढे केला तर म्हणाली, उपास आहे. नवरात्र चालू आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पेढे शेजारी वाटून टाकले.

हारात शेवंती होती, पांढरी. मी तो स्टाफरूममध्येच ठेवून आलो.

२८ सप्टेंबर, रविवार

कवठ्याला गेलो. आज गेलो नाही तर कधीच जाणार नाही, हे माहीत होतं. दसरा चार दिवसांवर, वावर पिवळं झालेलं, बांधावर क्रेट लागलेले. पोपटराव, रंगुबाई, प्रगती आणि आणखी सात-आठ बायका तोडणीला होत्या. मी पोपटरावांना बाजूला बोलावलं. मग वाटलं, सभेत माईकवर बोललो होतो, आता बाजूला कशाला. तिथंच सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. तो कागद चुकीचा आहे. सगुणाबाईंना शेवंतीचाच त्रास होता. त्या ढोंग करत नव्हत्या. चूक माझी, मी न पाहता लिहिलं.

तोडणी थांबली.

पोपटराव म्हणाले, "सात वर्सांनी सांगताय?"

"हो."

"मी तिला काय काय बोललोय ते तुम्हाला ठावं न्हाई. हात उचललाय मी तिच्यावर. तुमचा कागद दाखवून."

रंगुबाईंनी क्रेटवर बसून पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की तोंड लपवत होत्या, कळलं नाही.

तेवढ्यात प्रगती पुढे आली आणि शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. मनगटापासून वर सगळं खाजवून सोललेलं. "मलाबी दोन वर्सं हाय," ती म्हणाली. "बोलले न्हाई. सासूबाईंचं काय झालं ते बघितलं हुतं."

तीन आठवड्यांपूर्वी याच हातांनी तिने मला चहा दिला होता आणि मी, त्वचेचा डॉक्टर, उन्हाचा विचार करत बसलो होतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

नियतकालिकाला पत्र पाठवलं. चौदा नोंदी प्रत्यक्ष घेतल्या नव्हत्या, त्या माझ्या हातच्या आहेत, पेपर मागे घ्यावा. समितीच्या अध्यक्षांनाही तेच कळवलं. दुपारी विभागप्रमुखांचा फोन आला. म्हणाले, हात दाखवून अवलक्षण कशाला? नेमणुकीचं पत्र हातात येईपर्यंत तरी थांबायचं होतं. मी म्हणालो, थांबलोच होतो सर, म्हणून तर.

नेमणूक थांबवली आहे. चौकशी होईल. यादी आता चाळीसची. सारिकाने जेवताना दोनदा वाढलं, न विचारता.

उरलेल्या तेरा जणींची नावं काढली आहेत. पहिली केंदूरची भागुबाई. दिवाळीची तोडणी उरकली की एकेक गाव घेणार. चौथ्या दिवशी मीच जाणार.

५ ऑक्टोबर, रविवार. इनामगाव

दसऱ्याच्या दिवशी पोपटराव सगुणाबाईंना न्यायला आले होते, असं गेणबाने सांगितलं. ओट्यावर बसून रडले. सगुणाबाईंनी त्यांना जेवू घातलं आणि परत पाठवलं.

मी गेलो तेव्हा त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी नवा कागद लिहून नेला होता. सही, शिक्का, तारीख. माझी चूक स्पष्ट लिहिलेली. भाचीने मोठ्याने वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग मी कवठ्याच्या वावरात काय झालं ते सांगितलं, पत्राचं सांगितलं. मी म्हणालो, सगुणाबाई, माझं चुकलं. माझ्यामुळे तुमचं घर गेलं.

"सांगितलंत ते चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "प्रगतीचं तरी भलं हुईल."

त्या पुन्हा शेंगा फोडू लागल्या. मला वाटलं झालं, आता उठावं.

"एक हाय डॉक्टर," त्या म्हणाल्या. "माझी आई चार वर्सांमागं गेली. हितंच, ह्या घरात. शेवटाला मला जवळ बोलावून म्हणली, सगुणे, डॉक्टर कशाला खोटं लिवंल? आता तरी कबूल कर आन् नांदायला जा, म्हंजी मी सुटंन. मी म्हणलं, व्हय आई, ढोंगच करत हुते मी. उद्या जाते. मग तिनं पानी घेतलं."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"लेक ढोंगी हाय असं धरून गेली ती. तुमच्या कागदात समदं आलंय. हे कुठं दुरुस्त करता येतंय का, तेवढं सांगा."

मी म्हणालो, नाही.